सागवान, सरस आणि अडीच महिन्यांची ओल

२०२४ च्या गोकुळाष्टमीला, म्हणजे २६ ऑगस्टला, वडोदऱ्यात पावसाने जो जोर धरला तो दुसऱ्या दिवशीही ओसरला नाही. आजवा सरोवर तुडुंब झाले, विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांचा आकडा मागे टाकला, आणि समा भागातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात अठ्ठावीस इंच पाणी उभे राहिले. ते उतरायला जवळजवळ दोन दिवस लागले. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होतो. खाली उतरल्यावर पहिले काम केले ते हातातल्या काठीने दिवाणाखाली आणि कपाटामागे ठोकून पाहण्याचे, कारण त्या आठवड्यात नदीतल्या मगरी शहरात कुठे कुठे निघत होत्या हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे सुदैवाने फक्त बेडूक निघाले.

गाद्या, पुस्तके आणि फ्रीज यांचे काय झाले हा वेगळा विषय आहे. इथे फक्त लाकडी सामानाविषयी लिहितो, कारण त्याबाबत त्या दिवसांत मला जितके सल्ले मिळाले त्यांपैकी निम्म्याहून अधिक चुकीचे होते आणि त्यांतला एक चुकीचा सल्ला मी अमलातही आणला.

घरात चार प्रकारचे लाकूड होते. आजोबांचे सागवानी मेज आणि त्याच्याबरोबरच्या चार खुर्च्या, संखेडा या गुजरातमधल्या गावाची खासियत असलेली लाखकामाची एक बैठक, प्लायवूडचे मोठे कपाट आणि भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचे टीव्हीचे युनिट. आजोबा तरुणपणी कलाभवनात सुतारकाम शिकले होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत मराठी घरांतली पुष्कळ मुले हातकाम शिकली. हे मेज त्यांनी स्वतः केलेले आहे. ते दांडिया बाजारातल्या जुन्या घरातून समाला आणताना जिन्यातून उतरेना, तेव्हा वडिलांनी जिन्याचा कठडा काढवला होता, पण मेजाला हात लावू दिला नव्हता.

पुराचे पाणी नुसते पाणी नसते. त्यात नदीचा गाळ असतो, गटाराची घाण असते आणि कोणाच्या तरी गाडीतले तेलही असते. हा गाळ ओला असेपर्यंत स्वच्छ पाण्याने आणि मऊ कुंच्याने निघतो. एकदा तो सुकला की सांध्यांच्या फटींत सिमेंटसारखा बसतो आणि खरवडताना लाकूड जाते. म्हणून आधीच भिजलेल्या लाकडावर पुन्हा पाणी ओतणे मनाला कितीही विचित्र वाटले, तरी पहिल्या दिवशी तेच करावे लागते. हातात रबरी मोजे आणि पायात बूट घालून आम्ही सगळे सामान अंगणात धुतले, आणि घासण्याऐवजी पाण्याच्या धारेवर जास्त भर दिला.

मेजाचे तीन खण फुगून आत अडकले होते. ओढून काढण्याचा मोह फार होतो, पण ओढले की दर्शनी फळी हातात येते आणि खण आतच राहतो. मेजाची पाठ चार स्क्रूंनी बसवलेली होती. ती काढून मागून हाताच्या तळव्याने हळूहळू लोटल्यावर दोन खण अर्ध्या तासात बाहेर आले. तिसऱ्याला चार दिवस लागले, कारण थोडे सुकून आकसल्याशिवाय तो हलणारच नव्हता. त्या खणात आजीच्या दमा-औषधाच्या चिठ्ठ्या आणि जुन्या रेशनकार्डांचा लगदा होता. तो वाचवण्यासाठी मी खण फोडावा असा आग्रह घरात एका व्यक्तीने धरला होता, हे नोंदवून पुढे जातो.

आता वाळवण्याविषयी. ओल्या लाकडातले पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळीत साठलेले असते आणि काही पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. पोकळीतले पाणी आधी जाते आणि ते गेल्याने लाकडाच्या मापात फरक पडत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के एवढेच पाणी उरले की भिंतींतले पाणी निघू लागते, आणि लाकूड आकसायला सुरुवात होते ती तिथून. हे आकसणेही सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. रुंदीत मात्र असते, आणि ओंडक्यातल्या वर्तुळांच्या दिशेने ते मध्यातून बाहेर जाणाऱ्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट असते. त्यामुळे एकाच फळीचा एक भाग लवकर आणि दुसरा उशिरा सुकला, तर फळी वाकते किंवा चिरते. पाण्यात दोन दिवस उभे राहून सागवानाचे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते नंतरच्या घाईमुळे.

हे सगळे मला आधी ठाऊक होते असे नाही. मेजाच्या डाव्या कप्प्याचे दार ही एकसंध फळी आहे, सव्वा फूट रुंद. ३० तारखेला ऊन पडल्याबरोबर मी ते बिजागऱ्यांवरून काढले आणि गच्चीवर आडवे टाकले. संध्याकाळी उचलायला गेलो तेव्हा ते दार पन्हाळीसारखे झाले होते. त्यावर आडवी पट्टी ठेवली तर मध्ये नऊ मिलिमीटरची फट, त्यातून करंगळी जाईल एवढी. उन्हाकडची बाजू सुकून आकसली होती, फरशीकडची बाजू तशीच फुगलेली होती, आणि त्या ओढाताणीत दोन्ही कडा वर उचलल्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ज्यांना बोलावले ते सुतारकाका पाणीगेटकडे राहतात, गुजराती बोलतात आणि आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून येतात. त्यांनी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘भाई, उतावळे आंबा न पाके.’ पुढचे काम त्यांनी मलाच करायला लावले. ओले गोणपाट पसरून त्यावर दार पालथे घालायचे, म्हणजे खोलगट झालेली बाजू खाली ओलीकडे आणि फुगीर बाजू वर हवेकडे. ऊन कोवळे असेल तेवढाच वेळ ठेवायचे, दर तासाला पट्टी लावून पाहायचे आणि फळी सरळ झाल्यासारखी वाटण्याच्या थोडे आधीच उचलायचे, कारण उचलल्यावरही लाकूड थोडा वेळ चालतच राहते. तीन दिवसांच्या या खटाटोपाने फट नऊवरून दोन मिलिमीटरवर आली. मग ते दार दोन सपाट फळ्यांच्या मध्ये, हवा खेळण्यासाठी चिंचोळ्या पट्ट्या घालून, वर विटांचे वजन ठेवून सावलीत सोडून दिले. उरलेले दोन मिलिमीटर आजही आहेत आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ते दिसत नाहीत.

बाकी सामान आम्ही सुरुवातीपासून सावलीतच ठेवले. बैठकीच्या खोलीत विटांवर उभे केले, म्हणजे खालूनही हवा लागते, भिंतीपासून हातभर दूर घेतले, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि छताचा पंखा मंद गतीवर लावला. समोरच्या घरी एका गृहस्थांनी कपाटासमोर खोली तापवायचा हीटर लावला होता आणि पुण्याहून भाच्याने केस वाळवण्याच्या यंत्राचा सल्ला दिला होता. दोन्हींचा परिणाम माझ्या गच्चीवरच्या उन्हासारखाच होतो, फक्त विजेचे बिल वेगळे येते. पाचव्या दिवशी मेजाच्या खालच्या अंगाला पांढरी-हिरवी बुरशी दिसली. ती घरात झटकू नये. मेज बाहेर नेऊन, नाकातोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने काढली, फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन ती जागा पुसली आणि त्या बाजूला हवा जास्त लागेल असे मेज फिरवून ठेवले. नंतर ती आली नाही.

लाकूड वाळले हे कसे ओळखायचे हा खरा प्रश्न होता. हाताला कोरडे लागणे याला काही अर्थ नाही; वरचा कागदाएवढा थर एका दिवसात कोरडा होतो. ओल मोजण्याचे टोचणीचे यंत्र मिळते, पण सुतारकाकांनी त्याहून स्वस्त उपाय सांगितला. भंगारवाले वापरतात तसला हातात धरायचा डिजिटल काटा आणायचा, एक खण निवडायचा आणि दर रविवारी त्याचे वजन लिहून ठेवायचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. धुतल्यावर मधल्या खणाचे वजन ४ किलो ६१० ग्रॅम भरले. १५ सप्टेंबरला ते ४ किलो १८० होते. महिनाअखेरीस पाऊस पुन्हा आला तेव्हा एका आठवड्यात ते कमी होण्याऐवजी ३० ग्रॅमने वाढले, आणि मी काटा बिघडला असे समजून त्यावर साखरेचा पुडा टांगून पाहिला. काटा बरोबर होता. लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करते. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर ते सुमारे १६ टक्के पाणी धरून बसते आणि आर्द्रता ५० टक्क्यांवर आली की ९ टक्क्यांच्या आसपास येते. याचा सरळ अर्थ असा की वडोदऱ्याच्या भाद्रपदात लाकूड पूर्ण वाळवण्याचा प्रयत्नच व्यर्थ आहे. २० ऑक्टोबरला खण ३ किलो ९३० वर आला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि नोव्हेंबरच्या मध्याला लागोपाठ दोन रविवार ३ किलो ८६० हाच आकडा आला. एका खणातून पाऊण लिटर पाणी हवेत गेले होते.

मधल्या काळात ७ सप्टेंबरला गणपती आले. दरवर्षी ते याच मेजावर बसतात. त्या वर्षी ते सहा विटांवर ठेवलेल्या शेजाऱ्यांच्या चौरंगावर बसले, आणि आरतीला आलेला प्रत्येक जण मेजाच्या विटांना अडखळून सल्ला देऊन गेला. सुतारकाका मात्र दर पंधरवड्याला येत, खणाच्या आतल्या बाजूला बोटाची पेरे टेकवत, ‘हजी भेज छे’ (अजून ओल आहे) एवढेच म्हणत आणि चहा घेऊन जात.

खुर्च्यांची गोष्ट वेगळी होती. जुने फर्निचर सरसाने जोडलेले असते. सरस जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून करतात, आणि ऊब व ओल मिळाली की तो पुन्हा मऊ होतो. दोन दिवस पाण्यात राहिल्यावर चारही खुर्च्यांचे सांधे आपोआप सुटले होते; उचलायला गेलो तर पाय खालीच राहिले. पाहताना हे भयंकर वाटते, पण यात एक सोय आहे. आधुनिक डिंकाने जोडलेली खुर्ची अशा वेळी सांध्यात न सुटता लाकडातच फाटू शकते. सरसाचा सांधा मात्र अंग राखून सुटतो. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने खूण केली, कारण हाताने केलेल्या खुर्चीत एका पायाचा कुसू, म्हणजे खाचेत शिरणारे टोक, दुसऱ्या पायाच्या खाचेत बसत नाही, आणि सगळे तुकडे खणांबरोबर वाळत ठेवले.

जोडायची वेळ आली तेव्हा मी बाजारातला नेहमीचा पांढरा डिंक आणून ठेवला होता. सुतारकाकांनी तो बाजूला ठेवला. पांढरा डिंक जुन्या सरसाच्या थरावर नीट धरत नाही, आणि जुना सरस लाकडाच्या रंध्रांतून संपूर्ण काढणे जवळजवळ अशक्य असते. उलट नवा सरस जुन्या सरसात विरघळून एकजीव होतो. शिवाय पन्नास वर्षांनी कोणाला ती खुर्ची पुन्हा उघडावी लागली तर ती कोमट पाण्याने उघडता येईल. मग हार्डवेअरच्या दुकानातून सरसाचे दाणे आणले. ते रात्रभर गार पाण्यात भिजवायचे, सकाळी फुगून जेलीसारखे होतात, आणि मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून पातळ करायचे. तापमान ६० अंशांच्या आसपास असावे; उकळला तर सरसाची पकड जाते. हे स्वयंपाकघरात करण्याची परवानगी मला मिळाली नाही. सरस कशापासून होतो हे पत्नीला सुतारकाकांनीच सांगून ठेवले होते, आणि तो वास पाहता तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मागच्या व्हरांड्यात विजेची शेगडी मांडली.

सरस मधासारखा धारेने पडू लागला की काम भरभर करावे लागते, कारण तो थंड होताच घट्ट होतो. खाच आणि कुसू दोन्ही कोमट पाण्याच्या फडक्याने पुसले, दोन्हींना सरस लावला, पाय बसवला आणि लाकडी हातोड्याने दोन ठोके दिले. सांध्यातून सरसाची बारीक कड बाहेर आली म्हणजे पुरेसा लागला. सांधे आवळून धरायला एवढ्या लांबीचे शिकंजे आमच्याकडे नव्हते. सुतारकाकांनी चारही पायांभोवती सुतळीचे तीन वेढे घेतले, कोपऱ्यांवर चिंध्यांच्या घड्या ठेवल्या, वेढ्यांत लाटणे अडकवून पीळ दिला आणि लाटणे आडव्या दांड्याला अडकवून बांधले. खुर्ची सपाट फरशीवर चारही पायांनी टेकते का हे लगेच पाहायचे असते. डुगडुगत असेल तर सरस ओला असतानाच कर्ण ओढून सरळ करता येतो, दुसऱ्या दिवशी नाही. दोन खुर्च्या पहिल्या दिवशी आणि दोन दुसऱ्या दिवशी झाल्या. लाटणेही परवानगीशिवाय घेतले होते.

डागांचे काम नोव्हेंबरच्या अखेरीस हाती घेतले. जिथे लोखंडी खिळे किंवा बिजागऱ्या होत्या तिथे सागवानात निळसर काळी वर्तुळे उमटली होती. लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि गंजणारे लोखंड यांच्या संयोगाने ही शाई तयार होते, आणि ती काचपेपरने घासून जात नाही, कारण ती खोल गेलेली असते. तिच्यावर ऑक्झॅलिक आम्ल चालते. ते विषारी आहे, म्हणून मोजे, चष्मा आणि लहान मुलांपासून दूर ठेवण्याची काळजी या तीन गोष्टी आधी. प्लास्टिकच्या वाटीत कोमट पाण्यात ते विरघळवून ब्रशने लावले, आणि फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर लावले, नाहीतर डाग जातो आणि त्याच्या जागी फिकट ठिपका राहतो. दोन-तीन वेळा लावल्यावर काळे वर्तुळ डोळ्यांदेखत चहाच्या रंगाचे झाले आणि मग दिसेनासे झाले. नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुणे आवश्यक असते. आम्लाची भुकटी लाकडावर राहिली आणि त्यावर काचपेपर चालवला तर ती नाकात जाते. लोखंडी खिळ्यांच्या जागी पितळी स्क्रू घातले.

मेजाच्या वरच्या फळीपर्यंत पाणी पोहोचले नव्हते, पण ओलीमुळे तिच्यावरच्या लाखेच्या पॉलिशवर पांढुरके ढग आले होते. लोक ते पाहून सगळे पॉलिश खरवडायला निघतात. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे ढग वरवरचा असेल तर कापसाच्या पुरचुंडीला स्पिरिट नाममात्र लावून, ती ओली भासू नये इतकेच, फळीवरून न थांबता हलकेच फिरवली की वरचा थर मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि थर पुन्हा पारदर्शक होतो. हात एका जागी क्षणभर थांबला तर मात्र पुरचुंडीचा ठसा कायमचा उमटतो. डाव्या कोपऱ्यात माझा एक आहे. पायांवरचे पॉलिश मात्र पोपडे धरून सुटले होते. तिथे पॉलिशवाल्याने एक लिटर स्पिरिटला पाव किलो चपडा लाख या प्रमाणात पातळ पॉलिश करून नऊ हात दिले, प्रत्येक दोन-तीन हातांनंतर बारीक काचपेपर मारून.

उरलेल्या वस्तूंविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. भुश्याच्या पाट्यांचे युनिट पहिल्याच दिवशी भिजलेल्या टोस्टसारखे फुगले होते. त्याला कोणताही उपाय नाही, ते फेकले. प्लायवूडच्या कपाटाचे खालचे नऊ इंच पापुद्र्यांसारखे सुटले. ते घेताना विक्रेत्याने ‘एमआर ग्रेड’ असे अभिमानाने सांगितले होते, आणि मीही त्यावरून ते पाण्याला टिकेल असे समजलो होतो. त्या शिक्क्याचा अर्थ दमट हवेला टिकते एवढाच आहे, बुडाले तरी टिकेल असा नव्हे; त्यासाठी फेनॉलिक डिंकाचे, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचे मरीन प्लाय घ्यावे लागते. कपाट नऊ इंचांवर आडवे कापून खाली कोटा दगडाचा ओटा बांधून घेतला. संखेड्याच्या बैठकीचे पाय खालून दोन इंच फुगून लाखेचा थर सुटला होता. ती लाख पाय लेथवर फिरत असताना घर्षणाच्या उष्णतेने चढवलेली असते, त्यामुळे घरी ब्रशने रंगवून ती जागा झाकणे म्हणजे पैठणीला सेफ्टीपिन लावण्यासारखे आहे. ते पाय सुटे करून संखेड्याला पाठवले आणि फेब्रुवारीत परत आले.

खणांचे काम सर्वांत शेवटी केले. ऑक्टोबरात मधला खण अजून घट्ट होता आणि मी त्याच्या बाजूंवर रंधा मारायला बसलो होतो. सुतारकाकांनी रंधा काढून घेतला तो थेट डिसेंबरात परत दिला. तोवर तिन्ही खण एका बोटाने आत-बाहेर होऊ लागले होते आणि रंध्याची गरजच उरली नव्हती. ओल्या लाकडावर मारलेला रंधा म्हणजे हिवाळ्यात खडखडणारा खण. सरकपट्ट्यांवर फक्त मेण घासले.

यंदा जुलैत, पाऊस लागून तीन आठवडे झाल्यावर, मी तोच खण पुन्हा काट्याला टांगला. ३ किलो ९४० ग्रॅम भरला, आणि उघडताना दोन हात लावावे लागतात.